संपाचा पंप

घरात मासे पाळणारा माणूस शांत स्वभावाचा असतो, असा एक समज आहे. मलाही तो होता. त्या समजापायीच मी जळगावच्या उन्हात, भाड्याच्या घरात, काचेची टाकी करून घेतली. फोटोंना फ्रेमा करून देणाऱ्या मगनने ती एका मासिकातल्या चित्रावरून बनवली. चित्रात टाकीशेजारी एक बाई हसत उभी होती. तिच्या हसण्याचं कारण मला आजही कळलेलं नाही.

मगनची टाकी म्हणजे खरं तर दोन टाक्या. वरच्या टाकीत मासे. तिच्यातलं पाणी एका नळीने खालच्या टाकीत उतरायचं, तिथे वाळू, गोटे आणि कोळसा यांतून गाळलं जायचं, आणि एक छोटा पंप ते स्वच्छ पाणी पुन्हा वर चढवायचा. दिवसरात्र हेच. या खालच्या टाकीचं इंग्रजी नाव मराठीत लिहिलं की ते 'संप' असं होतं. मी वीस माणसांच्या एका निमसरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. आमच्याकडे हा शब्द घरात उच्चारला तरी चालतो, कागदावर उतरवू नये. पण हे मला नंतर कळलं.

शनिवारी संध्याकाळी पंपाने भाषणाला उभ्या राहिलेल्या माणसासारखा घसा खाकरला आणि तो कायमचा बसला.

पाणी थांबलं की माशांना गुदमरायला होतं, त्यातून मे महिना. तासाभरात सगळे मासे वर येऊन तोंड उघडून उभे राहिले. माझी बायको पुष्पा म्हणाली, "आता काय करायचं?" मी म्हणालो, "नवा पंप आणायचा." एवढं सोपं उत्तर मी आयुष्यात कमी वेळा दिलं असेल. हा पंप मैदानावरच्या प्रदर्शनात घेतलेला. ते प्रदर्शन उठून कुठल्या गावाला गेलं, हे मैदानालाही सांगता आलं नसतं. बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाले, "किती हॉर्सपॉवरचा देऊ?" आमच्या भागात पंप म्हणजे केळीचा. पाणी प्यायला माणसं आहेत आणि पंपाला केळी, मासे यात कुठे बसतात हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

आता गुलाबबाईंबद्दल सांगायला हवं. आमचे घरमालक प्रकाशचंद यांच्या त्या आई. प्रकाशचंदांचं कापडाचं दुकान. ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. टाकी घरात आली त्या दिवशी गुलाबबाई खाली आल्या, काठी टेकून टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुडामण, जीव कोंडून ठेवू नये." मी म्हणालो, "बाई, बाहेर त्यांना कावळे खातील." त्यावर त्यांनी विचार केला. दुसऱ्या दिवसापासून सकाळची सामायिक, म्हणजे जैनांची ध्यानाची बैठक, झाली की त्या खाली येऊन टाकीसमोर बसू लागल्या. मग खाणं त्यांच्याच हातून पडू लागलं. पुढे आमच्या खाण्याच्या वेळा चुकल्या तरी माशांच्या चुकेनात. त्यांनी माशांना नावं मात्र ठेवली नव्हती. नाव ठेवलं की मोह जडतो, असं त्यांचं म्हणणं. मोह बिननावाचाच जडला होता.

रविवारी सकाळी शेजारचे छगननाना आले. नाना महसूल खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे फक्त सल्ला उरला होता आणि तो ते गरजूंना वाटत. टाकीभोवती त्यांनी जमीन मोजणीला आल्यासारखी एक फेरी मारली.

"पंप म्हणजे पंप," नाना म्हणाले. "तुमच्या कूलरमध्ये काय आहे? पंपच ना?"

"पण नाना, मग कूलरचं काय?"

"कूलर हा माणसासाठी आहे. माणूस सहन करू शकतो."

हे वाक्य नानांनी स्वतःच्या कूलरबद्दल म्हटलं नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गुलाबबाई तिथेच बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे अशा अपेक्षेने पाहिलं की मी निमूटपणे आमच्या कूलरचा पंप काढला आणि खालच्या टाकीत सोडला. बटण दाबलं. पंप चालला. पाणी नळीतून चढू लागलं. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. वरच्या टाकीच्या काठापासून वीतभर खाली पाणी थांबलं. पंप चालू, आवाज चालू, पाणी मात्र बढती अडकलेल्या कारकुनासारखं त्या वीतभर अंतराकडे बघत उभं.

"अजून गरम झाला नसेल," नाना म्हणाले.

पंप गरम झाला. आम्हीही झालो, कारण कूलर बंद होता. पाणी तेवढं होतं तिथेच राहिलं. कूलरचा पंप कूलरच्या उंचीपुरताच पाणी उचलतो, आणि आमची टाकी त्याहून उंच होती. नाना म्हणाले की मग टाकी उंच करण्यात मुळात चूक झाली आहे, आणि जेवायला घरी गेले.

शेवटी पुष्पाने उपाय काढला. खालच्या टाकीतलं पाणी तांब्याने भरायचं आणि वरच्या टाकीत उंचावरून ओतायचं. धार पडली की मासे जरा सावरत. आम्ही दोघं आळीपाळीने ओतू लागलो. गुलाबबाई म्हणाल्या, "द्या, मी पण ओतते." वय झालेली बाई तांब्या उचलते आहे आणि आपण वारा घेत बसलो आहोत, हे दृश्य वरच्या मजल्यावरून खाली आलेल्या प्रकाशचंदांनी पाहिलं. ते काही बोलले नाहीत. घरमालक बोलला नाही की भाडेकरूला सगळं ऐकू येतं.

दुपारी माझा मेहुणा तोताराम भडगावहून आला. त्याची गिरणाकाठी केळी. बहिणीच्या घरी पाणी चढत नाही, हे त्याला त्याच्या गावच्या दुकानातल्या फोनवर कळलं होतं, आणि हा निरोप त्याने शेतकऱ्याच्या कानाने ऐकला होता. जीपमधून त्याने दोघांच्या मदतीने एक लोखंडी मोटर उतरवली आणि ती आमच्या बैठकीत, सोफ्याशेजारी मांडली.

"पाव्हना, हाई कूलरनं खेयनं र्‍हाऊ द्या," तो म्हणाला. "मळामानी धाकली मोटर लई येल शे मी."

"तोतारामभाऊ, ही धाकली?"

"धाकलीच शे. बठ्ठं पानी वर चढी जाई, दम धरा."

मी दम धरला. खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. पण मेहुणा भर उन्हात मोटर घेऊन येतो, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि गुलाबबाईही म्हणाल्या की मुलगा मनापासून करतो आहे तर करू द्या. तोतारामने मोटरीचा पाइप खालच्या टाकीत सोडला, दुसरा पाइप वरच्या टाकीच्या काठाला सुतळीने बांधला आणि बटण दाबलं.

बठ्ठं, म्हणजे सगळं, पाणी वर चढलं. हे मान्य केलं पाहिजे. खालची टाकी एका दमात कोरडी झाली. सुतळी तुटली, पाइप उसळला आणि बैठकीत भेटेल त्याची भेट घेत फिरला. भिंतीवरचं कॅलेंडर, सोफा, माझा कचेरीत जायचा सदरा आणि नानांचा सल्ला ऐकायला ठेवलेली वेताची खुर्ची, सगळं भिजलं. वरची टाकी काठावरून सांडली आणि त्या लोंढ्याबरोबर दोन मासे फरशीवर येऊन पडले. मग आमचा फ्यूज गेला, त्यापाठोपाठ वरचा गेला.

त्या शांततेत गुलाबबाई खाली बसल्या. त्यांनी पदर ओला करून ते दोन्ही मासे अलगद उचलले आणि टाकीत सोडले. एक लगेच पोहू लागला. दुसरा बराच वेळ एका कुशीवर राहिला. मग त्याने शेपूट हलवली आणि तो सरळ झाला.

तोताराम ओल्या फरशीकडे बघत म्हणाला, "पानी ते वर चढनं ना, पाव्हना."

गुलाबबाई उठल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चुडामण, हे पाणी आपोआप, नीट वर चढायला लागेपर्यंत माझं पच्चक्खाण. अन्न नाही." पच्चक्खाण म्हणजे त्यांचं व्रत. एकदा घेतलं की ते मोडत नाही.

संध्याकाळी प्रकाशचंदांनी मला वर बोलावलं. मेणबत्तीच्या उजेडात ते गादीवर बसले होते.

"बाईने पर्युषणात आठ-आठ दिवसांचे उपास केलेले आहेत," ते म्हणाले. "एका दिवसाने काही होत नाही. पण ते पावसाळ्यात. हा मे आहे. डॉक्टरांनी त्यांना सांभाळायला सांगितलंय."

"मी समजावू का त्यांना?"

"त्यांना कोण समजावणार. चुडामणभाऊ, मी एवढंच सांगतो. मासे तुमचे आहेत, बाई आमची आहे."

त्या माणसाने दहा वर्षांत कधी भाडं वेळेआधी मागितलं नव्हतं. त्यांनी मग स्वतःच सांगितलं की त्यांचे एक नातलग सोहनलाल यांचं धुळ्याला आग्रा रोडवर विजेच्या सामानाचं दुकान आहे, आणि लग्नाच्या मांडवात जी रंगीत कारंजी लावतात त्यांचे छोटे पंप ते सुरतेहून मागवतात. त्यातला एखादा जमेल. "उद्या सूर्यास्ताच्या आत आला पाहिजे," ते म्हणाले. "बाई सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाहीत. उद्या दिवस चुकला की परवा सकाळ."

सोमवारी पहाटे मी रजेचा अर्ज लिहिला. घाईत होतो, भिजलेला सदरा वाळला नव्हता, पुष्पा तांब्या ओतत होती. मी लिहिलं: 'माझ्या घरी संप बंद पडल्याने तातडीने धुळे येथे जाणे भाग आहे. घरमालकांच्या मातोश्री त्या कारणास्तव उपोषणास बसल्या आहेत. तरी एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.' मला तो अर्ज तेव्हा नेमका आणि सुटसुटीत वाटला. पुष्पाने डबा केला नव्हता. "वर बाई उपाशी आणि तुम्ही बसमध्ये पोळी खाणार?" असं तिने विचारलं. मी खाणार होतो, पण तसं म्हणालो नाही. कचेरीच्या शिपायाच्या हाती अर्ज देऊन मी धुळ्याची एसटी धरली.

आता तो अर्ज साहेबांच्या टेबलावर कसा वाचला गेला, ते सांगतो. आमच्या कर्मचारी संघटनेचे चिटणीस धनसिंग हे कित्येक वर्षं संप करण्याच्या प्रयत्नात होते. दर वर्षी ते नोटीस देत आणि दर वर्षी त्या दिवशी सगळे कामावर वेळेआधी येत. त्या आठवड्यातही नोटीस दिलेली होती. आणि संघटनेचं विभागीय कार्यालय होतं धुळ्याला. साहेबांनी अर्जात तीनच शब्द पाहिले: संप, धुळे, उपोषण. त्यांनी बडे बाबूंना बोलावलं. बडे बाबूंनी धनसिंगांना विचारलं. धनसिंगांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण पुढाऱ्याने ठाऊक नाही असं म्हणायचं नसतं. ते म्हणाले, "ही तर सुरुवात आहे."

मी तोपर्यंत सोहनलालांच्या दुकानात बाकावर बसलो होतो. सोहनलाल गिऱ्हाइकाला फसवत नसत. त्यामुळे ते लवकर विकतही नसत.

"पाणी किती उंच चढवायचं?" त्यांनी विचारलं.

मी हात कमरेपर्यंत नेला.

"उभ्या माणसाची कंबर की बसलेल्या?"

"उभ्या. माझी."

त्यांनी मला उभं केलं आणि माझ्या कमरेकडे बघून मान हलवली. "माणसाची कंबर भरवशाची नाही. तासाला किती पाणी जायला पाहिजे?"

"सध्या आम्ही तांब्याने ओततोय."

"किती तांबे?"

"ते माझी बायको किती दमली आहे त्यावर."

सोहनलालांनी फोन ओढला आणि प्रकाशचंदांच्या दुकानी ट्रंक नव्हे, सरळ एसटीडी लावला. प्रकाशचंद गिऱ्हाईक सोडून कापड मोजायचा गज घेऊन घरी गेले, टाकी मोजून आले आणि त्यांनी परत फोन केला. उंची एक गज आणि चार बोटं निघाली. मी फोन घेऊन विचारलं, "बाई कशा आहेत?" ते म्हणाले, "सकाळी उकळलेलं पाणी घेतलं. आता खाली बसून तांब्या ओतताहेत." आणि मग म्हणाले, "तुमच्या फाटकाला बोर्ड कसला लावलाय?" मी म्हणालो, "कसला बोर्ड?" तेवढ्यात लाइन कट झाली.

दुपार झाली तसं सोहनलालांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. धुळ्याच्या उन्हात दुपारी दुकान उघडं ठेवणं म्हणजे फक्त पंख्याचं बिल, असं ते म्हणाले. मला आत गादीवर बसवून ते जेवायला गेले. मला जेवायला चला म्हणाले, तर मी बाईंच्या उपासाचं कारण सांगून नाही म्हणालो. त्यांना माझ्याबद्दल आदर वाटला असावा. मला पुष्पाचा राग येत होता. ते परत आल्यावर त्यांनी एका बादलीत तीन पंप पाळीपाळीने सोडले आणि शेजारून मागून आणलेल्या गजाजवळ धरलेल्या नळीतून पाणी कुठवर जातं ते बघितलं. पहिला आमच्या कूलरचाच भाऊ होता. दुसऱ्याने समोरच्या दुकानाच्या पाटीपर्यंत धार मारली, तेव्हा मला तोताराम आठवला. तिसरा, मुठीएवढा, निळा, त्याने पाणी एक गज आणि चार बोटांच्या थोडं वर, हळूच, आवाज न करता नेऊन सोडलं.

"हा मांडवात नवऱ्या मुलामागे लावतात," सोहनलाल म्हणाले. "याला गोंधळ चालत नाही."

मी तो पंप दोन्ही हातांत घेतला. असा नेमका, समजूतदार पंप जगात आहे, या विचारानेच मला बरं वाटलं.

परतीच्या एसटीने पारोळ्याला चहासाठी थांबा घेतला तो ड्रायव्हरचं तिथल्या टपरीवाल्याशी असलेलं बोलणं संपेपर्यंत. तरी वेळ होता. जळगाव आलं तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता आणि मी मनातल्या मनात बाईंना मुगाचं पाणी पाजलंही होतं. तिथे जकात नाक्याचा कारकून बसमध्ये चढला.

"पिशवीत काय आहे?"

"पंप."

"शेतीचा का घरगुती?"

खोटं बोललो असतो तर सुटलो असतो. पण मी कायदा पाळणारा माणूस. "माशांचा," मी म्हणालो.

त्याने मला पिशवीसकट खाली उतरवलं. टेबलावर पंप ठेवून तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग त्याने पावती पुस्तक उघडलं आणि लिहायला घेतलं: 'मासेमारीचे साहित्य.'

"अहो, मासेमारी नाही," मी म्हणालो. "मासे जगवण्यासाठी आहे हा."

"जगवण्यासाठी असा प्रकार नाही यात. मासे म्हटलं की मासेमारी."

"पण ही पावती मी घरी कशी नेऊ? आमचे घरमालक जैन आहेत."

"मग मला सांगा काय लिहू. घरगुती लिहू? तर तुम्ही आधी माशांचा म्हणालात. नोंद झाली माझ्या कानात."

इथे मी चूक केली. पैसे भरून, पावती चुरगाळून खिशात घालून निघायला हवं होतं. पण दिवसभर उपाशी, तीन पंपांचा अनुभव, त्यात अनेक वर्षं कागदोपत्री काम केलेला माणूस. मी म्हणालो, "चुकीची नोंद मी घेणार नाही." त्याने 'शोभेच्या वस्तू' सुचवलं, मी म्हणालो तो शोभेचा नाही, उपयोगाचा आहे. त्याने 'विजेची खेळणी' सुचवलं; मला ते अपमानास्पद वाटलं. शेवटी त्याने त्याच्या वरच्याला विचारलं, वरच्याने 'इतर' असं लिहायला सांगितलं, आणि माझा मान राहिला. बाहेर आलो तेव्हा एसटी निघून गेली होती आणि सूर्य लिंबाच्या झाडाच्या पाठीमागे गेला होता.

रिक्षाने घरी पोहोचलो तो फाटकाशी गर्दी. फाटकाला पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं: 'साखळी उपोषण. दिवस पहिला.' धनसिंग माझ्याकडे धावत आले आणि त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. "चुडामण, तू बोलला नाहीस आम्हाला. पण करून दाखवलंस. शाखेच्या इतिहासातला हा पहिला संप आहे." त्यांच्या मागे आमच्या कचेरीतले चार सभासद मोसंबीच्या रसाचा ग्लास घेऊन उभे होते. ग्लासवर माशी बसू नये म्हणून छगननाना वर्तमानपत्र धरून उभे होते.

मी हारासकट घरात शिरलो. गुलाबबाई टाकीसमोर बसल्या होत्या. तांब्या पुष्पाच्या हातात होता आणि ती अजून ओततच होती. प्रकाशचंद खिडकीपाशी उभे होते. मी पंप खालच्या टाकीत ठेवला, नळी लावली, बटण दाबलं. क्षणभर काही नाही. मग वरच्या टाकीत, एका कोपऱ्यात, पाणी हलकेच हललं आणि एक बारीक धार सुरू झाली. मासे आधी तिच्यापासून लांब गेले, मग एकेक करून तिच्याखाली आले.

प्रकाशचंद खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गेला."

सूर्य गेला होता.

धनसिंग ग्लास घेऊन पुढे झाले. "मातोश्री, आपल्या आशीर्वादाने आंदोलन यशस्वी झालं. आता रस घ्या."

"सूर्य बुडाला," गुलाबबाई म्हणाल्या. "आता सकाळी."

"एकच घोट. फोटोपुरता."

"फोटोपुरता तुम्ही घ्या."

माझ्याने खाली मान घालून उभं राहवलं नाही. नाक्यावर त्या पावतीसाठी मी भांडत बसलो, म्हणून ही बाई आणखी एक रात्र उपाशी राहणार होती. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या हाराकडेही पाहिलं. "पावतीवर शेवटी काय लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"इतर."

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का दिवसभरात?" मी नाही म्हणालो. तेव्हा त्या पुष्पाला म्हणाल्या, "याला आधी वाढ. पोर सुकलंय." मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण त्या वाक्यानंतर पोरासारखा ताटावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुगाच्या पाण्याने उपास सोडला आणि मला कचेरीत ज्ञापन मिळालं. 'आपण संपात सहभागी झाल्याचे आपल्याच अर्जावरून दिसून येते. आपल्या सेवेत खंड का समजण्यात येऊ नये?' सेवेत खंड म्हणजे पेन्शनला कात्री. मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं की संप म्हणजे पाण्याची टाकी.

"असा अर्थ कुठल्या नियमात आहे?" साहेबांनी विचारलं.

"नियमात नाही. माझ्या घरात आहे."

"हे बघा, शब्द बरोबर असेल तर तुम्ही संपावर होता. शब्द चुकला असेल तर शासकीय कागदात चुकीची माहिती दिली. दोन्हीपैकी काय ते लेखी द्या."

मी जागेवर येऊन बसलो. धनसिंग कानाशी वाकून म्हणाले, "माघार घेऊ नको. तुझ्यामागे सगळी शाखा उभी आहे." ती शाखा त्या वेळी आपापल्या टेबलावर मान खाली घालून बसली होती. मी घरी गेलो तो ज्ञापन खिशात घेऊन. पुष्पाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिने सदरा धुवायला घेतला आणि तिला ते सापडलं. भिंत पातळ होती की जिना, माहीत नाही, वरही कळलं.

पुढच्या दिवशी दुपारी कचेरीच्या दाराशी रिक्षा थांबली. गुलाबबाई उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्यांचं लोकरीचं बसकर. व्हरांड्यात आल्या, सावली बघितली आणि बसकर पसरायला लागल्या. शिपाई आत धावला. साहेबांनी खिडकीतून बघितलं.

"कोण आहेत या?"

"त्याच, साहेब," बडे बाबू म्हणाले. "उपोषणवाल्या."

साहेबांनी मला बोलावलं. माझा रजेचा अर्ज त्यांच्यापुढे आधीच उघडा होता. त्यांनी स्वतःच्या हाताने 'संप' हा शब्द खोडला, वर 'नळ' असं लिहिलं, शेजारी सही केली आणि खाली 'मंजूर' लिहिलं. ज्ञापन माझ्या हातून घेऊन त्यांनी चार तुकडे केले. "त्यांना घरी सोडून या," ते म्हणाले. "आत्ताच. गाडी हवी असेल तर कचेरीची घ्या."

गुलाबबाई तोपर्यंत काठी टेकत दारात आल्या होत्या. "साहेब, मला तुम्हाला नीट सांगायचंय. ही टाकी कशी असते..."

"कळलं, आजी. सगळं कळलं. मंजूर झालंय."

"पण ऐकून तर घ्या."

"मंजूर, मंजूर," साहेब हात जोडत उठून उभे राहिले.

मी त्यांना परत रिक्षात बसवलं. त्यांचा चेहरा पडला होता. रिक्षा नेहरू चौकापर्यंत आली तरी तो तसाच होता. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. मी विचारलं, "बाई, पाणी हवं का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तुझा साहेब फारच भित्रा निघाला रे. उपासाला कुठे आले होते मी, समजावून सांगायला आले होते. आज घरी आमरस होता, चुडामण. पोटभर जेवून निघाले होते."